उन्हाळ्यातील घरगुती मेजवानी : पदार्थ ठरवण्याआधी थंडावा मोजा

इंदूरमधील एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे : मे महिन्याच्या मध्यावर आई-वडिलांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत, त्या निमित्ताने संध्याकाळी घरीच २५ माणसे बोलवायची आहेत. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, वर गच्ची आहे, फ्रिज एकच आहे. केटरर नको आहे, आणि पती-पत्नी दोघांनाही पाहुण्यांमध्ये बसायचे आहे. तेव्हा करायला सोपे असे खाण्या-पिण्याचे पदार्थ सुचवावेत. सोबत त्यांनी व्हिडिओ पाहून केलेली यादीही दिली आहे : पुदिन्याचे मॉकटेल, चाटचे काउंटर, छोटे पिझ्झे आणि फळांचे कस्टर्ड. वीज गेली तर काय करावे आणि उरलेल्या अन्नाचे काय करावे, हेही त्यांनी विचारले आहे.

इंदुरात मी बरीच वर्षे घरगुती समारंभांचा स्वयंपाक करून देते आणि माझी बहुतेक कामे एप्रिल ते जून या काळातलीच असतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहे. पदार्थ सोपा असणे आणि मेजवानी सोपी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. आपल्या यादीतील एकही पदार्थ अवघड नाही. परंतु चाटच्या काउंटरवर पूर्ण वेळ एक माणूस उभा राहतो, पिझ्झ्यासाठी ओव्हन तासभर घर तापवत राहतो, पुदिना वाटून ठेवला तर काळा पडतो आणि न वाटता ठेवला तर पाहुणे आल्यावर मिक्सर लावावा लागतो. कस्टर्ड तर फ्रिजचा एक अख्खा कप्पा अडवून बसते. उन्हाळ्यात घरातील सर्वांत अपुरी वस्तू म्हणजे थंडावा. वेळ, पैसा आणि उत्साह यांचा क्रमांक त्यानंतरचा. म्हणून माझी पद्धत अशी आहे की पदार्थांची यादी करण्याआधी फ्रिजमध्ये किती लिटर जागा आहे, बर्फ किती होईल आणि गॅस किती वाजता बंद करायचा आहे, हे ठरवायचे. त्यात जे बसेल तेच पदार्थ घ्यायचे.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पाहुण्यांमध्ये सत्तरीपुढची मंडळी किती, लहान मुले किती, मधुमेह कोणाला आहे, कांदा-लसूण न खाणारे कोणी आहे का, यानुसार प्रमाणे बदलतील. मी असे गृहीत धरते की आई-वडिलांचे समवयस्क पाहुणे बरेच असतील, फ्रिज साधारण २५० लिटरचा असेल आणि पाहुणे तीन तास थांबतील.

वेळ मात्र परिस्थितीवर सोडू नये. मेच्या मध्यावर इंदुरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि पारा दुपारी चाळिशीपार गेला असला तरी माळव्याच्या पठारावर अंधार पडल्यावर वारा सुटतो. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, ख्याती उगीच नाही. गच्चीचा सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभराची उष्णता धरून ठेवतो आणि रात्री बराच वेळ ती वर सोडत राहतो. त्यामुळे निमंत्रण साडेसातचे द्यावे, पहिला तास खाली दिवाणखान्यात सरबत आणि गप्पांत घालवावा आणि जेवणासाठी साडेआठनंतर गच्चीवर जावे. शक्य असल्यास सहा वाजता गच्चीवर थोडे पाणी शिंपडावे. कोरड्या हवेत ते लगेच उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पाण्याची चणचण असेल तर ओल्या फडक्याने पुसून घेतले तरी फरक पडतो.

आता पेये. उन्हाळ्यातल्या पाहुण्याला दारात पहिल्यांदा हवे असते ते पिण्याचे, आणि खाण्यापेक्षा त्याचाच हिशेब जास्त वेळा चुकतो. तीन तासांसाठी माणशी साधारण अर्धा लिटर सरबत किंवा ताक, आणि त्याखेरीज पाणी, असे मी धरते. म्हणजे २५ माणसांसाठी सुमारे १२ लिटर पेय आणि पाण्याचे २० लिटरचे दोन जार. एक जार पुरतो असे वाटते, पण ग्लास विसळणे आणि माठ भरणे यांतच तो संपतो. पेयांचे प्रकार दोनच ठेवावेत, एक गोड-आंबट आणि एक खारट. तिसऱ्या प्रकाराने पाहुण्यांना फारसे काही मिळत नाही. भांडी, गाळण्या आणि पळ्या मात्र वाढतात.

गोड-आंबट पेय म्हणून पन्ह्याला माझ्या मते पर्याय नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्या आज्या-पणज्यांनी पन्हे आणि कैरीची डाळ हीच जोडी ठेवली, त्यामागे हंगाम तर आहेच, पण सोयही आहे : पन्ह्याचा गर आधी करून ठेवता येतो, तो फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो आणि जागा अगदी थोडी घेतो. दीड किलो कडक, आंबट कैऱ्या घ्याव्यात. कुकरच्या डब्यात पाणी न घालता त्या अख्ख्या वाफवाव्यात. पाण्यात उकडल्या तर आंबटपणा पाण्यात उतरतो आणि साल फुटून गर पातळ होतो. निवल्यावर साल आणि कोय काढून गर हाताने कुस्करावा, मग चाळणीवर घासून घ्यावा, म्हणजे रेषा वर राहतात. सालीच्या आतल्या बाजूला लागलेला गर चमच्याने खरवडून घेण्याचा आळस करू नये, चव तिथेच असते. साधारण ८०० ग्रॅम गर निघतो. त्यात किलोभर चिरलेला गूळ मिसळून मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच ठेवावे, मग मीठ आणि वेलदोड्याची पूड घालावी. हा झाला सुमारे दीड लिटर मूळ गर. त्यात तिप्पट पाणी आणि बर्फ मिळून घातले की सहा लिटर पन्हे तयार होते. कैरीचा आंबटपणा झाडागणिक बदलतो, म्हणून गुळाचे प्रमाण अंदाजाचे समजावे. आणि चव पाहायची ती थंड पन्ह्याची पाहावी, कारण थंड पदार्थात गोडी कमी जाणवते; कोमट असताना बरोबर वाटलेले पन्हे बर्फ घातल्यावर अळणी आणि आंबट लागते.

इंदुरात आपल्या घरी हिंदी भाषक पाहुणे असणारच, आणि त्यांना भाजलेले जिरे, काळे मीठ आणि पुदिना घातलेले पन्हे आवडते. त्यासाठी वेगळा घाट घालण्याची गरज नाही. गुळापूर्वीचा वाटीभर गर बाजूला काढून त्यात जिरेपूड आणि काळे मीठ घालून ठेवावे. त्याच गरातून मधुमेह असलेल्यांसाठीही बिनगुळाचे पन्हे होते, आणि कोणाला वेगळे वागवल्यासारखे वाटत नाही.

दुसरे पेय मठ्ठा. दोन किलो दह्यात चार लिटर पाणी हे प्रमाण पुरे आहे. तहानेसाठीचे ताक दाट असून उपयोग नाही. दही आदल्या रात्री लावले असेल तर सकाळी लागल्याबरोबर फ्रिजमध्ये जायला हवे. दह्याच्या विरजणाला चाळीस-पंचेचाळीस अंशांची ऊब फार मानवते, आणि मेमधले आपले स्वयंपाकघर दुपारी नेमके त्याच सुमारास असते. ओट्यावर विसरलेले दही संध्याकाळपर्यंत इतके आंबते की साखर घालूनही सावरत नाही. आले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर ठेचून पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधीच ताकात घालावी आणि मग गाळून घ्यावे. ही गोष्ट दुपारी उरकून टाकली तर मिरचीचा तिखटपणा वाढत जातो आणि कोथिंबीर काळवंडते.

भांड्यांविषयी एक सूचना येथेच करते. अशा प्रसंगी आजीचे पितळी किंवा तांब्याचे पातेले काढून त्यात पन्हे किंवा मठ्ठा ठेवण्याचा मोह होतो, कारण ते शोभून दिसते. कल्हई नसेल तर आंबट पदार्थ त्यात कळकतो आणि पोटाला बाधतो. शोभेसाठी ती भांडी जरूर वापरावीत, पण त्यात बर्फ भरावा आणि पेयाची स्टीलची किंवा काचेची भांडी त्यात बसवावीत; दोन्ही कामे होतात.

बर्फाकडे मी सर्वांत जास्त लक्ष देते. एक किलो बर्फ वितळताना, हिशेबाने पाहिले तर, सुमारे तीन लिटर पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणण्याइतकी उष्णता शोषतो. प्रत्यक्षात भांडे, हवा आणि उघडझाप यांत त्यातला बराच भाग वाया जातो. यातून कामाची गोष्ट अशी निघते की बर्फ किती लागेल हे पाणी सुरुवातीला किती गरम आहे यावर ठरते. गच्चीवरच्या टाकीतून आलेले मेमधले पाणी ३८ अंशांचे असू शकते. तेच पाणी फिल्टर करून सकाळपासून माठात ठेवले तर २५ अंशांच्या आसपास येते, आणि मग जवळजवळ निम्म्या बर्फात काम भागते. माठ थंड होतो तो पाझरलेले पाणी उडून गेल्यामुळे, आणि मेमधली इंदूरची कोरडी हवा त्याला फार अनुकूल असते. म्हणून आदल्या दिवशी दोन मोठे माठ भरून वाऱ्याच्या जागी, सावलीत, ओले फडके गुंडाळून ठेवावेत. पन्हे आणि मठ्ठा यांसाठी माठातलेच पाणी वापरावे. बारा लिटर पेय फ्रिजमध्ये बसवण्याचा विचार सोडून द्यावा. फ्रिजमध्ये फक्त दीड लिटर गर आणि दोन किलो दही राहील.

पिण्यातला बर्फ आणि गार करण्याचा बर्फ हे दोन वेगळे हिशेब आहेत. पेयात घालायचा बर्फ घरच्या गाळलेल्या पाण्याचाच असावा. चार दिवस आधीपासून ट्रे लावावेत आणि तयार झालेले खडे पिशवीत भरून फ्रीझरमध्ये साठवावेत. पाच किलो झाले की पुरे. त्यातले दोन ट्रे पाण्याऐवजी पातळ पन्ह्याचे लावले तर आणखी चांगले, कारण ते वितळले तरी पन्हे पाणचट होत नाही. मुलांना हे खडे फार आवडतात, आणि मोठ्यांनाही. ते तसे बोलून दाखवत नाहीत, एवढेच. कारखान्यातील बर्फाची लादी आणायची असेल तर ती बाहेरच्या टबासाठीच, ग्लासात घालण्यासाठी नाही. टबात नुसता बर्फ न टाकता बर्फ, पाणी आणि दोन मुठी जाडे मीठ घालावे. पाणी बाटलीला सर्व बाजूंनी लागते, त्यामुळे बाटल्या नुसत्या बर्फापेक्षा पुष्कळ लवकर गार होतात. याच टबात अख्खे कलिंगड, पाण्याच्या बाटल्या आणि सोडा जाईल, आणि फ्रिज तेवढा मोकळा राहील.

तरुण पाहुण्यांसाठी मॉकटेलसारखे काही हवेच असेल तर कोकमाचे गोड सरबत आणि सोडा एवढेच ठेवावे. एका ट्रेमध्ये सरबताची बाटली, लिंबाच्या फोडी, काळे मीठ आणि टबात सोडा. ज्याचे त्याने करून घ्यावे. बाटली विकत घेताना ती साखरेच्या सरबताची आहे की आगळाची हे पाहून घ्यावे, कारण आगळ खारट असते. आणि इंदुरी शिकंजी आणण्याचा विचार असेल तर ती गोडाच्या जागी ठेवावी. ती दुधाची, दाट आणि सुक्या मेव्याची असते. दारात दिली तर पाहुणा तिथेच तृप्त होतो आणि अर्ध्या तासात त्याला पुन्हा तहान लागते.

खाण्याचा विचार करताना मी पदार्थांचे दोन गट करते. एक गट थंडच चांगले लागणाऱ्या पदार्थांचा : कैरीची डाळ, दहीभात, काकडी, श्रीखंड. हे फ्रिजची जागा खातात, म्हणून मोजकेच घ्यावेत. दुसरा गट असा, ज्याला ना थंडावा लागतो ना गॅस. आणि तो शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरहून पुण्या-मुंबईला निघताना रेल्वेच्या डब्यात आपण जे बांधून नेतो तेच ते पदार्थ : दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेथांबा. एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसभर टिकणारे आणि कोमट असतानाही चविष्ट लागणारे अन्न कोणते, हे घराघरांतील प्रवासाच्या डब्याने कधीच ठरवून ठेवले आहे. ते पाहुण्यांना कसे वाढायचे, असा संकोच काहींना वाटतो. मोठ्या परातीत केळीच्या पानावर दशम्यांची चवड, शेजारी चटणीचा सट आणि लोण्याचा गोळा ठेवून पाहावा. सर्वांत आधी संपणारी परात तीच असते, असा माझा अनुभव आहे.

दुधात भिजवलेल्या कणकेच्या ५० दशम्या आणि तीन-तीनच्या हिशेबाने ७५ तिखटमिठाच्या पुऱ्या पुरतात. त्यासाठी अनुक्रमे सुमारे दोन किलो आणि एक किलो कणीक लागेल. हे सकाळी दहाच्या आत उरकावे, किंवा पोळ्या करून देणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. दशम्या पूर्ण निवल्यावरच सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. गरम असताना झाकल्या तर वाफेने ओल्या होतात आणि या हवेत ओल्या अन्नावर भरवसा ठेवता येत नाही.

कैरीच्या डाळीसाठी पाऊण किलो हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, जाडसर वाटावी. भिजवणेही माठाच्या गार पाण्यात किंवा फ्रिजमध्येच करावे, नाही तर डाळीला फेस येऊन वास लागतो. वाटताना पाणी घालू नये. वाटलेली डाळ, किसलेली कैरी, ओले खोबरे आणि निवलेली हिंग-मोहरीची फोडणी हे चारही घटक वेगवेगळे फ्रिजमध्ये ठेवून पाहुणे येण्यापूर्वी तासभर एकत्र करावेत. मीठ आणि साखर शेवटी, कारण मीठ घातल्याबरोबर कैरीला पाणी सुटते. वयस्क मंडळींना कच्ची डाळ जड जाते. आपल्या घरी तशी मंडळी जास्त असल्याने मी तर वाटलेली डाळ दहा मिनिटे वाफवून, मोकळी करून मगच वापरण्याचा सल्ला देईन. चवीत किंचित फरक पडतो, पण दुसऱ्या दिवशी कोणाची तक्रार येत नाही.

मुख्य थंड पदार्थ एकच असावा, दहीवडा किंवा दहीभात. इंदूरकरांना दहीवडा प्रिय आहे हे खरे, आणि वर जिरावन हा इंदुरी मसाला भुरभुरला की कोणी नको म्हणत नाही. परंतु पन्नास वडे तळणे, भिजवणे, पिळणे आणि तीन किलो दही वेगळे थंड ठेवणे हे एका फ्रिजच्या घराला झेपत नाही. आपल्याकडे मोठ्या वयाचे पाहुणे असल्याने दहीभात घ्यावा, कारण भात पोटात गेल्याशिवाय जेवण झाले असे त्यांना वाटत नाही. सव्वा किलो तांदळाचा मऊ भात दुपारी करावा, आणि येथे एक काळजी कटाक्षाने घ्यावी. शिजलेला भात पातेल्यात झाकून तासन्‌तास ठेवणे उन्हाळ्यात धोक्याचे आहे : तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते पुन्हा वाढू लागतात, आणि त्यांनी तयार केलेले विष नंतर गरम केल्यानेही जात नाही. म्हणून कुकर उघडल्याबरोबर भात दोन परातींत पातळ पसरावा, पंख्याखाली निववावा आणि तासाभराच्या आत फ्रिजमध्ये न्यावा. निवताना त्यात दोन लिटर उकळून गार केलेले दूध घालून कालवावे. दही, सुमारे किलोभर, वाढण्याच्या अर्धा तास आधी घालावे. दुपारीच सगळे दही घातले तर भात संध्याकाळी आंबट आणि घट्ट होतो. उडदाची डाळ, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी करून ती निवू द्यावी आणि वाढण्याआधी वरून ओतावी. फ्रिजमध्ये या पातेल्याला जागा नसेल तर शेजाऱ्यांकडे एक कप्पा मागून ठेवावा; त्यांना जेवायला बोलावणारच असाल, तर त्यांनाही यात आनंदच वाटेल.

काकडी चिरून ठेवावी, पण दाण्याचे कूट, मीठ आणि लिंबू पानावर घेण्याच्या दहा मिनिटे आधीच घालावे. कलिंगड कापण्यापूर्वी वरून धुऊन घ्यावे, कारण सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. आणि ते कापावे पाहुणे गच्चीवर गेल्यानंतरच.

एक गरम पदार्थ असावा, असे मलाही वाटते. मात्र तो घरी करू नये. इंदुरात राहून कचोरी किंवा खोबरा पॅटिस घरी तळण्यात काही अर्थ नाही. सव्वासातला कोणा भाच्याला गाडी घेऊन पाठवावे आणि पन्नास नग गरम आणवावेत. घरचे नाही म्हणून त्यात कमीपणा मानू नये. खोबरा पॅटिसमध्ये ओले खोबरे असते, त्यामुळे ते आल्या-आल्या संपले पाहिजेत, एवढे पाहावे. भेळ हवी असल्यास सुकीच ठेवावी. शेव आणि नमकीन यांबाबत या शहरात कोणी कोणाला शिकवू नये.

गोडासाठी अडीच किलो श्रीखंड किंवा आम्रखंड. विश्वासाच्या डेअरीतून चक्का आणून आदल्या दिवशी साखर घालून, पुरणयंत्रातून काढून ठेवले की झाले. आमरस मी सुचवत नाही, कारण आमरस म्हटले की गरम पुरी आली, आणि गरम पुरी आली की गॅस आलाच.

आता दिवसाचा क्रम एकदा सलग सांगते. चार दिवस आधी बर्फ सुरू. दोन दिवस आधी पन्ह्याचा गर आणि शेंगदाण्याची चटणी. आदल्या दिवशी श्रीखंड, मेथांबा, माठ भरणे आणि रात्री दही लावणे. त्या दिवशी सकाळी दशम्या, पुऱ्या आणि डाळ भिजवणे. दुपारी एकपर्यंत भात, डाळ वाटणे आणि सर्व फोडण्या. दुपारी एक वाजता गॅस बंद. एक ते पाच घरातील सर्वांनी झोपावे किंवा निदान पडावे. ही सूचना लोक हसण्यावारी नेतात आणि मग रात्री नऊला चेहरे उतरलेले असतात. पाच ते सात मांडामांड, ठेचणे, कालवणे आणि अंघोळ.

वाढताना वेळेचे एक भान ठेवावे लागते. अन्न बिघडवणारे जिवाणू साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात वाढतात, म्हणून फ्रिजमधून काढलेला दुधा-दह्याचा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नसावा, असा सर्वमान्य संकेत आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर हीच मुदत एका तासावर येते, आणि मेमध्ये रात्री नऊलाही ती तशी असू शकते. यासाठी दहीभात, श्रीखंड आणि कैरीची डाळ निम्मी बाहेर आणि निम्मी फ्रिजमध्ये ठेवावी. पहिले भांडे संपत आले की त्यातच नवे ओतू नये, भांडेच बदलावे. मांडलेली भांडी बर्फ भरलेल्या परातीत बसवली तर मुदत थोडी लांबते. बर्फ, पेये आणि ही भांडी यांवर लक्ष ठेवण्यासाठी घरातला एक माणूस नेमून द्यावा. तो दर तासाला बदलला तर कोणाचाच कार्यक्रम बुडत नाही. आपण आणि आपल्या पत्नीने ते काम स्वतःकडे घेऊ नये.

विजेबद्दल : वीज गेली तर फ्रिज उघडू नये. दार बंद राहिले तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो; पाहण्यासाठी म्हणून पुन्हा पुन्हा उघडला तर तासाभरात तो सामान्य कपाट होतो. संध्याकाळी पाचनंतर लागणाऱ्या वस्तू एकाच कप्प्यात, पुढे, लागण्याच्या क्रमाने लावलेल्या असाव्यात, म्हणजे दार एकदा उघडून काम होते. पेये माठ आणि टबावर चालत असल्याने वीज गेली तरी अडत नाही.

उरलेल्या अन्नात दशम्या, पुऱ्या, चटणी, मेथांबा आणि सुकी भेळ पाहुण्यांबरोबर निर्धास्तपणे बांधून द्यावी. पन्ह्याचा न कालवलेला गर फ्रिजमध्ये राहील, आणि फ्रिजमधून बाहेरच न काढलेले श्रीखंडही दोन-तीन दिवस चांगले राहते. बाहेर मांडलेला दहीभात, कालवलेली डाळ आणि कापलेले कलिंगड मात्र त्या रात्री संपले नाही तर ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावे. कामवाल्या बाईंना सकाळी ते देऊ नये. त्यांच्यासाठी द्यायचे असेल तर पाहुण्यांना वाढण्याआधीच एक डबा भरून फ्रिजमध्ये वेगळा ठेवावा.